सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला का?

संपादक महोदय,

खेळताना दुखापत झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करावे, याची माहिती आरोग्यविषयक सदरांत नेहमी वाचायला मिळते. पुन्हा व्यायामाला लागताना काय करावे, याबद्दल मात्र ‘हळूहळू सुरुवात करा’ यापलीकडे कोणी सांगत नाही. हा मोघमपणा मला महागात पडला.

बॅडमिंटन खेळताना माझा उजवा घोटा मुरगळला. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली, चालताना दुखेनासे झाले, म्हणून मी थेट कोर्टवर उतरलो आणि तोच पाय पुन्हा मुरगळला. मग फिजिओथेरपिस्टने मला डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगितले. डाव्या पायावर मी सहज उभा राहिलो. उजव्यावर काही क्षणांतच तोल गेला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट पट्टे, म्हणजे लिगामेंट) दुखावतात तेव्हा पाऊल कसे टेकले आहे याची मेंदूला मिळणारी जाणीवही मंदावते, आणि सूज उतरली म्हणून ती आपोआप परत येत नाही. शिवाय अस्थिबंधांना रक्तपुरवठा स्नायूंपेक्षा कमी असल्याने ते सावकाश भरून येतात, त्यांची डागडुजी कित्येक महिने चालते.

याचा अर्थ पाय हलवूच नये असाही नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री १९७८ मध्ये रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. आपल्याकडे अजून पहिलीच आवृत्ती चालते!

मला उपयोगी पडला तो क्रम साधा होता: आधी एका पायावर तोल, मग दोन्ही आणि नंतर एकाच पायावर टाच उचलणे, पुढे सरळ रेषेत धावणे आणि सर्वांत शेवटी उड्या व चटकन दिशा बदलणे. व्यायाम करताना किंचित दुखले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका वाढलेला दिसला, तर एक पायरी मागे यायचे. भीती मात्र कोणत्याच तक्त्यात बसत नाही. पाय सावरल्यानंतरही कितीतरी दिवस मी उडी मारून डाव्याच पायावर उतरत असे.

प्रत्येक दुखापतीचा क्रम वेगळा असतो. म्हणून गुडघा, खांदा, पोटरी अशा एकेका दुखापतीनंतर पुढच्या पायरीवर केव्हा जावे, हे तज्ज्ञांकडून लिहून घेऊन आपल्या आरोग्य पुरवणीत क्रमशः छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक