बॅकबाइटची तट्टं आणि मॅकरोनी

प्रिय विन्या,

शेरिडनच्या ‘स्कूल फॉर स्कँडल’ या इंग्रजी नाटकाचं रूपांतर तू हाती घेतलंस हे वाचून फार आनंद झाला. दुसऱ्या अंकात सर बेंजामिन बॅकबाइट लेडी बेटीच्या तट्टांवर चार ओळी म्हणून दाखवतो, तिथल्या ‘मॅकरोनी’पाशी तू अडलास, ते साहजिक आहे. शेवयांच्या अर्थाने तिथे काहीच हाती लागणार नाही. नाटक १७७७ सालचं. त्या वेळच्या लंडनकराच्या कानावर हा शब्द पडला की डोळ्यांपुढे एक माणूसच उभा राहायचा.

तो माणूस आधी पाहू. खानदानी इंग्रज पोरं शिक्षण पुरं करायला फ्रान्स-इटलीची वारी करून यायची आणि तिथले कपडे, तिथलं खाणं सोबत घेऊन यायची. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने फेब्रुवारी १७६४ मधल्या एका पत्रात ‘मॅकरोनी क्लब’चा उल्लेख केलाय: परदेश पाहून आलेले, लांब कुरळ्या बटा राखणारे, हातात छोटी दुर्बीण बाळगणारे तरुण. तेव्हा या नावात प्रतिष्ठा होती. पुढच्या सात-आठ वर्षांत कारकून आणि दुकानदारांची मुलंही तसा वेश करू लागली आणि नावाची टिंगल सुरू झाली.

वेशाचा सगळा जीव केसांत. कपाळावरचे केस लोकरीच्या किंवा घोड्याच्या केसांच्या गादीवरून उलटे वर चढवायचे, कानांवर आडव्या गुंडाळ्या घालायच्या, मागे जाड अंबाडा काळ्या फितीने बांधायचा. त्यावर प्राण्यांच्या चरबीचं सुगंधी मलम चोळायचं आणि मग स्टार्चची पांढरी भुकटी उडवायची. त्या वेळी अंगावर झगा आणि तोंडापुढे कागदाचा शंकू धरायचा, नाहीतर भुकटी नाकाडोळ्यांत जायची. मलम कमी पडलं तर भुकटी केसांवर ठरत नाही, खांद्यांवर गळते. या डोलाऱ्यावर इवलीशी तिकोनी टोपी, छातीवर भलामोठा पुष्पगुच्छ, आखूड तंग कोट, त्याहून आखूड जाकीट, गुडघ्यापर्यंतची घट्ट विजार, पोटऱ्यांवर ताणलेले मोजे आणि मोठ्या बकलांचे बूट. टोपकाराला फिलिप डॉवचं १७७३ चं ‘द मॅकरोनी’ हे चित्र दाखव. त्यात केसांची उंची आणि टोपीचा आकार यांचं प्रमाण नेमकं मिळतं.

आता त्या ओळी बघ. बॅकबाइट म्हणतो, इतर घोडे ‘क्लाउन’, ही तट्टं मात्र मॅकरोनी. कारण त्यांचे पाय सडपातळ आणि शेपट्या लांब. सडपातळ पाय म्हणजे त्या मोज्यांतल्या पोटऱ्या, शेपटी म्हणजे मागे बांधलेले केस. इथे ‘क्लाउन’चा अर्थ सर्कशीतला विदूषक असा घेऊ नकोस. त्या काळी हा शब्द गावंढळ, खेडवळ माणसाला सर्रास वापरत, आणि ओळीचा सगळा डाव याच विरोधावर उभा आहे. विदूषक घातलास तर दोन्ही बाजू लंगड्या पडतील.

हाच विरोध इतरत्रही दिसतो. १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रवासात चरित्रकार बॉसवेल कोशकार डॉ. जॉन्सनला चिडवतो, तुम्ही नाजूक लंडनकर, तुम्ही मॅकरोनी, तुम्हाला घोड्यावर बसता येत नाही. जॉन्सन तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा, अंगाने थोराड आणि कपड्यांच्या बाबतीत कमालीचा गबाळा! म्हणजे कपड्यांचा संबंध सुटला तरी शहरी नाजूकपणाचा टोमणा शिल्लक राहतोच. ‘यांकी डूडल’ या गाण्यामध्येही तेच. गाण्यातला यांकी टोपीत एक पीस खोवून त्यालाच मॅकरोनी म्हणतो, यात अमेरिकन वसाहतीतल्या खेडुताची थट्टा आहे: एवढ्यावर आपण लंडनचे झालो असं त्याला वाटतं.

एक वळण मात्र वेगळं आहे. मॅथ्यू आणि मेरी डार्ली या जोडप्याचं लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर छापील व्यंगचित्रांचं दुकान होतं. १७७१ ते १७७३ या काळात त्यांनी मॅकरोनींच्या मालिकाच काढल्या, आणि शब्द कोणत्याही नादिष्टाला चिकटू लागला. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७७२ च्या चित्रात ‘माशा पकडणारा मॅकरोनी’ झाला: दोन पृथ्वीगोलांवर एकेक पाय. मला ही चित्रं फार आवडतात. पण तुझ्या प्रवेशात हा अर्थ नको, तिथे सरळ पोशाखीच हवा. पिवळ्या तुऱ्याच्या मॅकरोनी पेंग्विनला इंग्रज खलाशांनी नाव दिलं तेही त्या तुऱ्यावरूनच.

‘डँडी’ वापरायचा मोह टाळ. ब्रमेल या लंडनच्या नामांकित पोशाखी माणसाच्या वेळचा डँडी म्हणजे गडद साधा कोट, स्टार्च केलेलं पांढरंशुभ्र गळपट्टं आणि बिनभुकटीचे केस, अगदी उलटा माणूस. भुकटीवर १७९५ मध्ये वर्षाला एक गिनी कर बसला आणि तिची उरलीसुरली चालही ओसरली.

माझ्या मते शब्द मॅकरोनीच ठेव. इंग्रजीतलं ‘पोनी–मॅकरोनी’ हे यमक मराठीत जसंच्या तसं जुळतं. फक्त त्याआधी एखाद्या पात्राच्या तोंडी भुकटी लावलेल्या केसांचा उल्लेख येऊ दे, म्हणजे प्रेक्षकाला तो माणूस आधीच दिसलेला असेल. आणि ‘क्लाउन’ला ‘गावठी’ बसतो का, ते तालमीत म्हणून बघ.

तुझा,
श्रीधर