एका बाजूची नस

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जठराला जाणारी व्हेगस नस (मेंदूतून निघणारी चेतातंतूंची जुडी, रक्तवाहिनी नव्हे) कापल्यावर जठराच्या अस्तराला काय होतं, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

अस्तर सतत नवं होत असतं. वरच्या थरातल्या, चिकट स्राव देणाऱ्या पेशी थोड्याच दिवसांत गळतात. आम्ल बनवणाऱ्या पेशी उंदरात सुमारे 54 दिवस टिकतात. सगळ्यांचा जन्म मात्र ग्रंथीच्या एका अरुंद पट्ट्यात. तिथलं काम मोजायला आम्ही प्राण्याला ब्रोमोडिऑक्सियुरिडिन टोचतो. विभागणीआधी नवा डीएनए बनवणारी पेशी ते उचलते. मग काचपट्टीवर निळसर केंद्रकांच्या रांगेत मध्येच काही गडद तपकिरी दिसतात. ती मोजत बसायचं. डोळे दुखतात, पण मला हे काम मनापासून आवडतं.

व्हेगसच्या दोन्ही मुख्य शाखा कापल्या, की सगळं एकमेकांत गुंततं. आम्ल घटतं, म्हणून गॅस्ट्रिन हे जठराचं संप्रेरक वाढतं, आणि गॅस्ट्रिन तर पेशींना वाढायलाच लावतं. शिवाय जठर लवकर रिकामं होत नाही. साचलेल्या अन्नाने अस्तर ताणलं जातं, त्यानेही पेशी वाढू शकतात. मग नसेचा स्वतःचा वाटा किती, हे ठरवायचं कसं? जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

यावरचा तोडगा फार सुंदर आहे. डावी व्हेगस जठराच्या पुढच्या बाजूला जाते, उजवी मागच्या. एकच कापायची. रक्त तेच, गॅस्ट्रिन तेच, अन्नही तेच. फरक फक्त नसेचा. अशा उंदरांत कापलेल्या बाजूचं अस्तर पातळ पडतं, आणि गॅस्ट्रिन वाढवलं तरी ती बाजू मागेच राहते. म्हणजे गॅस्ट्रिनलाही नसेची साथ लागते.

2014 साली जठराच्या कर्करोगाकडे कल असलेल्या उंदरांवर हीच पद्धत वापरली. नस नसलेल्या बाजूला गाठी कमी झाल्या. नसेतून सुटणारं ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन पेशीवरच्या एम3 नावाच्या ग्राहीमार्फत (संदेश टिपणाऱ्या रेणूमार्फत) मूळपेशींना, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींना, चालना देतं, असं त्यातून दिसलं. बोटॉक्सने नस गप्प केली तरी परिणाम तसाच.

तुलनेसाठीच्या प्राण्यांचंही पोट उघडतात, नस मोकळी करतात, फक्त कापत नाहीत. आईला सांगा, सगळ्यांना पूर्ण भूल आणि नंतर वेदनाशामक देतो; त्यात हयगय मी होऊ देत नाही.

आईस सा. न.

तुमची,
धाकटी