बुधवारी दुपारी फोन करू नका

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, एफडी मोडू नका. परवा फोनवर मी गप्प बसले, कारण बोलले असते तर रडू आलं असतं आणि आईने "काय झालं गं" म्हणत फोन ओढून घेतला असता. "नोकरी सोड, वर्षभर नुसतं गा, पैशाचं मी बघतो." जन्मभर बँकेच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस असं बोलेल, हे स्वप्नातही नव्हतं. तरीही नको.

आधी एक कबुली. गेल्या दिवाळी पहाटेला विश्रामबागेत मी ललत रागाचा विलंबित, संथ लयीतला ख्याल मधेच आवरता घेतला आणि तुम्ही विचारलंत, घसा बसला होता का? मी हो म्हणाले. घसा ठणठणीत होता. स्टेजवर जायच्या वीस मिनिटं आधी ऑफिसचा अलर्ट आला होता. रात्री चढवलेल्या सॉफ्टवेअरच्या रिलीजने पेमेंटचा सर्व्हर झोपवला होता, आणि त्या आठवड्याची ऑन-कॉल मी, म्हणजे बिघाड झाला की धावायची पाळी माझी. दिवाळीत अदलाबदलीला कोण मिळतंय! तंबोरा जुळवायचा सोडून, पैठणी सावरत, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी ते रिलीज मागे घेत बसले. काम सात मिनिटांत झालं. पण गायला बसल्यावरही डोळ्यांपुढे लॉगच्या ओळी सरकत होत्या. ललतमध्ये शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात, मन ठिकाणावर नसलं की तिथं लगेच उघडं पडतं. तुम्हाला ते ऐकू आलं म्हणूनच विचारलंत, हे मला त्याच वेळी कळलं होतं.

आईला वाटतं मला झोप पुरत नाही. तेही आहेच. पण खरं दुखणं वेगळं. पहाटे पाचला उठून भैरव होतो, तोडी होते. मग हिंजवडी. सारंग, भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग सगळे ऑफिसात जातात. संध्याकाळच्या मारव्याच्या ऐन वेळेला, साडेसहाला, अमेरिकेचा कॉल, कारण तेव्हा तिकडं सकाळ होते. म्हणजे मला येतात ते राग माझ्या गळ्याने ठरवलेले नाहीत, कंपनीच्या वेळापत्रकाने ठरवलेत. गुरुजी परवा म्हणाले, "तुझी मुलतानी शनिवार-रविवारची आहे." हसून म्हणाले, पण लागलं.

तुम्ही नेहमी वसंतराव देशपांड्यांचा दाखला देता, मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं कारकुनी करूनही तसं गायले. त्यांची नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदली झाली होती, तेव्हा रियाजाचं काय केलं असेल, हे मात्र तुम्ही कधी सांगत नाही. आणि त्यांनीही शेवटी नोकरी सोडलीच. सोडल्यावर 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं. तुमचा दाखला दोन्ही बाजूंनी चालतो, बाबा.

मग मी का सोडत नाही? पगारामुळे मला नाही म्हणता येतं. रिसेप्शनला पाहुणे जेवत असताना मागे गाणं, नाही. "मानधन जमणार नाही, पण प्रसिद्धी मिळेल", नाही. हे दुसरं तर मी मुद्दामच नाकारते. मला फुकट गायला परवडेल, पण मग माझ्यानंतर जाणाऱ्या पूर्णवेळ गायिकेने पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? माझ्या तबलजींचं आणि पेटीवाल्यांचं घर बैठकींवर चालतं. आयोजकांचा चेक दोन महिन्यांनी येवो, त्यांचे पैसे मी त्याच रात्री जीपे करते. ते नोकरीच्याच जिवावर. (हो, मानधनातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, मी आयकर खात्याच्या नोंदीत तपासते. आणि गाण्याचं उत्पन्न असल्यावर आयटीआर-1, पगारदारांचं साधं विवरणपत्र, चालत नाही, हेही आता पाठ झालंय. बाहेर गायला कंपनीची लेखी परवानगीही आहे.)

आता बातमी. पुढच्या महिन्यापासून मी आठवड्याचे चारच दिवस ऑफिस करणार. ऑन-कॉलमधूनही बाहेर पडले. पगार एक पंचमांशाने कमी आणि यंदाचं प्रमोशन गेलं. बाबा, हिशोब तुम्ही मनातल्या मनात केला असेलच. फ्लॅटचा हप्ता निघतो, मी दोनदा मांडून पाहिलंय. सुट्टी बुधवारची घेतली, कारण गुरुजी बुधवारी घरी असतात.

एक काम आहे. थोरल्या तंबोऱ्याची जवारी, तारेला गुंज देणारी घोडीची घासणी, गेलीय. सूत कितीही सरकवलं तरी खर्जाची तार बोलतच नाही, नुसता ठोका ऐकू येतो. पुढच्या शनिवारी स्वारगेटहून एसटीने घेऊन येते, रविवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊ. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचं कात्रण तुम्ही मला पाठवलं होतंत. कारागिरांना दाखवायला घेऊन ये म्हणालात, ते माझ्या पर्समध्येच आहे. वेळ राहिला तर दर्ग्यातही जाऊ. खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीच्या मैफलींना आई मला मांडीवर घेऊन बसायची आणि मी भडंग खात खात झोपायचे, ती जागा पुन्हा बघायचीय.

आई, गोळ्या वेळेवर घे. आणि बुधवारी दुपारी तीन ते पाच फोन करू नका. केलात तरी उचलणार नाही, मुलतानी चालू असेल.

तुमची,
चिमी