रिक्षावरचा ब्रश वाचवा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरातली निवृत्त चित्रकला शिक्षिका. हे पत्र भाडेवाढीबद्दल किंवा परमिटबद्दल नाही. आमच्या भागातल्या सजवलेल्या रिक्षांबद्दल आणि त्या रंगवणाऱ्या हातांबद्दल आहे.

आपल्या दौऱ्यात आपण त्या पाहिल्या असतीलच. टाचणीएवढीही सुरकुती नसलेलं रेक्झीनचं हूड, त्याला दुरंगी शिलाई, आत झालर आणि गोंडे, काचेवर अंबाबाई नाहीतर जोतिबा, मागे मुलांची नावं आणि ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात आणि लोक घरच्या लग्नाला जावं तसे त्या बघायला जातात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस पोटाला चिमटा काढून गाडी नटवतो. ती त्याच्या घराची अब्रू असते.

माझा जीव सर्वात जास्त अडकतो तो अक्षरांत. पेंटर आधी खडूने दोन रेघा आखतो. पत्रा गोल वळलेला असतो, म्हणून रेघही त्या गोलाईने जावी लागते, नाहीतर दुरून शब्द घसरल्यासारखा दिसतो. मग ऑइल पेंटचा पहिला हात. तो वाळला की अक्षराच्या एकाच बाजूने गडद शेड, आणि शेवटी बारीक ब्रशने पांढरी चमक. ‘श्री’ची वेलांटी कुठे जाड, कुठे बारीक ठेवायची हे त्याला कुठल्या आर्ट स्कूलने शिकवलेलं नसतं. वर्गात मी वर्षानुवर्षं सुलेखन शिकवलं, पण हलत्या गाडीवरून वाचता येईल असं अक्षर काढणं हे त्याहून अवघड काम आहे. हे बाबुराव पेंटरांचं गाव. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या त्या माणसाने पुढे इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तेव्हा पेंटरच्या कामाला कमी लेखणं निदान या शहराला शोभणारं नाही.

आणि आपल्याकडच्या रिक्षाची सुरुवातही याच मातीत झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास उद्योजक नवलमल फिरोदियांनी मालवाहू तीनचाकीवरून प्रवासी रिक्षाची कल्पना पुढे आणली आणि तेव्हाचे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे ती मांडली. आज वाळूजला आणि बारामतीला बनलेल्या तीनचाकी देशभर धावतात.

आता अडचण सांगते. कॉम्प्युटरवर कापलेल्या रेडियमने आणि छापील स्टिकरने ब्रशचं काम जवळजवळ संपवलं आहे. ती बाजाराची गोष्ट झाली, त्यासाठी मी शासनाला बोल लावत नाही. पण उरलेल्या कामावर धास्ती आहे ती नियमांची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरबदल करायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. पण बॉडी कापणं आणि मडगार्डवर गरुड रंगवणं यांतला फरक चालकाला समजेल अशा शब्दांत त्याच्या हाती कुणी दिलेला नाही. म्हणून पासिंग, म्हणजे आरटीओची गाडीतपासणी, जवळ आलं की सजावट उतरवावी लागेल का, या धाकात तो असतो. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे, कर्कश हॉर्न, बाहेर आलेले लोखंडी गार्ड खुशाल काढायला लावा, मी आपल्या बाजूने उभी राहीन. चित्राने कुणाचा अपघात होत नाही.

ढाक्यातल्या रिक्षा आणि रिक्षाचित्रकलेला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. फिलिपिन्समध्ये मात्र २०१७ पासून जुन्या रंगीबेरंगी जीपनी, म्हणजे तिथल्या प्रवासी गाड्या, बदलण्याची मोहीम सुरू झाली, आणि नव्या गाडीचं कर्ज झेपेना म्हणून चालक संपावर गेले. धूर कमी व्हावा ही सरकारची इच्छा खोटी नव्हती. पण बऱ्याचशा नव्या गाड्या मिनीबससारख्या निघाल्या आणि लोकांना त्यांत आपली जीपनी दिसेना. आपल्याकडे इलेक्ट्रिक रिक्षा आता कुठे वाढू लागल्या आहेत. त्यांच्यावर ब्रश टिकवायचा की नाही हे ठरवायला अजून वेळ आहे.

माझ्या मागण्या खर्चाच्या नाहीत. नंबरप्लेट, दिवे, आरसे झाकले जात नसतील तर रंगकाम आणि हुडाची सजावट चालेल, असं स्पष्ट मराठी परिपत्रक काढावं आणि ते प्रत्येक आरटीओत लावावं. इलेक्ट्रिक रिक्षांनाही तेच लागू करावं. पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, सुतार आहे, फुलांचे हार बनवणारा आहे, पण पेंटर नाही. त्याचा समावेश व्हावा अशी शिफारस राज्याने करावी. आणि सांस्कृतिक कार्य विभागाला सोबत घेऊन या पेंटरांचं, हूड कारागिरांचं काम फोटोसह नोंदवून घ्यावं. त्यांतले बरेच जण साठीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम सर्वात आधी हाती घ्यावं ही विनंती.

आपण कोल्हापूरला याल तेव्हा मी आपल्याला या कारागिरांकडे घेऊन जायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर