चक्कीवाल्या काकांना, गल्लीतल्या घरांकडून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

दळणाचा डबा काट्यावर ठेवला की तुम्ही आधी झाकण काढता, कोपरापर्यंत हात घालून तळातला गहू वर आणता आणि त्यातला एक दाणा दाढेखाली धरता. कट्ट आवाज आला तर डबा रांगेत. दाणा नुसता दबला, तर डबा परत: "दोन दिवस ऊन द्या, मग आणा." पिसाईचे पैसे समोर दिसत असताना गिऱ्हाईक माघारी पाठवायला मन लागतं. आज त्याबद्दल आभार मानायचे आहेत, आणि तुम्ही काट्यापाशी उभ्या उभ्या जे जे सांगितलंत ते एकदा नीट लिहूनही काढायचं आहे. म्हणून पत्र उघडं लिहितोय. कॉलनीत नवीन बिऱ्हाडं येतात, त्यांनाही उपयोग होईल.

सुरुवात हिशोबापासून, कारण तुम्हीही तिथूनच करता. एक किलो कणकेत सहाशे ते साडेसहाशे मिली पाणी जातं आणि पंचेचाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर पस्तीस-छत्तीस फुलके होतात. चार माणसांच्या घरी दिवसाला वीस फुलके लागत असतील तर महिन्याला साधारण १७ किलो पीठ, वर्षाला दोन क्विंटल गहू. हा आकडा हाताशी नसला की कोणी तीन क्विंटल भरून पावसाळ्यात सोंडे पोसतं, तर कोणी दर महिन्याला पाच किलोची पिशवी किराण्यातून चढ्या भावाने आणतं. त्या पिशवीवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटीही लागला.

गहू घ्यायचा तो एप्रिलमध्ये, इंदूरच्या छावनी धान्य बाजारात नवी आवक भरात असते तेव्हा. भावाला टेकू म्हणून तुम्ही हमीभाव लक्षात ठेवायला लावलात. २०२५–२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वाचोवीस. साफ केलेल्या, निवडक मालाला त्यावर काही रुपये जास्त द्यावे लागतात, आणि ते द्यावेत. पण किती जास्त, हे हमीभाव माहीत असल्याशिवाय कळत नाही. शिवाय स्वस्त गहू स्वस्तच असतो असं नाही. २८ रुपये किलोच्या गव्हात दहा किलोमागे अर्धा किलो खडे, काड्या, फुटके दाणे निघाले तर तो साडेएकोणतीसला पडतो. निवडण्याचे तास वेगळेच. म्हणून पोतं ठरवण्याआधी एक किलो नमुना घरी आणून चाळायचा आणि कचरा तोलायचा. शंभर दाणे पाण्यात टाकायचे, पोखरलेले वर तरंगतात. पाचाच्या वर तरंगले तर तो गहू वर्षासाठी भरायचा नाही.

वाणाच्या बाबतीत तुमचं मत ठाम आहे आणि आता आमचंही झालं आहे. रोजच्या फुलक्यांना लोकवन किंवा पूर्णा पुरेसा. शरबतीचा फुलका मऊ आणि गोडसर होतो, दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही, यात वाद नाही, पण त्याचा भाव घराला परवडत नसेल तर सणापुरता दहा किलो घ्यावा. कठिया गहू, म्हणजे कडक दाण्याचे पोषण किंवा तेजस हे वाण, फुलक्याला कडक जातो. तोच दलिया, रवा आणि बाफल्यांसाठी (उकडून मग भाजलेल्या बाट्यांसाठी) मात्र उत्तम. पूर्णा, पोषण आणि तेजस हे तिन्ही वाण आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातले आहेत, हेही बऱ्याच जणांना तुमच्याकडूनच कळलं. वीस किलो कठिया वेगळा ठेवला की वर्षाचा दलिया तुमच्याकडे जाडसर भरडून होतो आणि पाकिटातला दलिया आणावा लागत नाही.

आता साठवण. नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. एप्रिल-मेचं ऊन दोन ते तीन दिवस द्यायचं, थर दोन बोटांपेक्षा जाड नको, दुपारी एकदा हात फिरवायचा. मग लगेच भरायचा नाही. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यायचा आणि सकाळी कोठीत. गरम गहू बंद केला तर आतली वाफ वरच्या थरात आणि झाकणाखाली जमते, तिथे दाणा ओला होतो आणि जून उजाडला की बुरशीचा कुबट वास येतो. लोक किडीला दोष देतात, पण चूक भरण्याच्या दिवशीच झालेली असते.

एरंडेल लावायचं तर क्विंटलला अर्धा लिटर, वीस किलोला शंभर मिली. थोडं कोमट करून, पाच-पाच किलोचा घाणा परातीत घेऊन तळहाताने चोळायचं, दाण्याला नुसती झिलई यायला हवी. जास्त झालं तर दळताना पाटांना, म्हणजे चक्कीच्या दगडांना, पीठ चिकटतं आणि कणकेला वास लागतो. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालायचा, ओला पाला कधीच नाही. कोठी फळीवर ठेवायची, भिंतीपासून वीतभर लांब. महिन्याचा गहू एकदम काढून छोट्या डब्यात घ्यायचा, म्हणजे मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडते, तीही कोरड्या दिवशी.

एका बाबतीत तुम्ही आवाज चढवता, आणि बरंच करता. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणायच्या नाहीत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा विषारी आहे. सोंडे झालेच तर गहू उन्हात टाकावा, किडे सावली शोधत बाहेर पडतात, मग चाळून आधी तोच संपवावा. असा गहू निमूटपणे आणून दुसऱ्याच्या दळणाशेजारी ठेवू नये, आधी तुम्हाला सांगावं.

दळणाच्या वेळची एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पीठ कापडी नळीतून उतरायला लागलं की तुम्ही अंगठा आणि तर्जनीत चिमूट घेऊन चोळता आणि दुसऱ्या हाताने पाटांची कळ किंचित ढिली करता. पाट फार जवळ आले तर पीठ रेशमासारखं बारीक येतं, बघणाऱ्याला आवडतं, पण ते तापलेलं असतं. तापलेल्या पिठाची कणीक पाणी जास्त पिते, चिकट होते आणि फुलका लवकर कडक पडतो. जरासं कणीदार, हाताला कोमट लागणारं पीठ चांगलं. घरी नेल्यावर तेही परातीत अर्धा-पाऊण तास उघडं ठेवायचं. गरम पिठावर झाकण लावलं की गुठळ्या, आणि आठवड्यात आंबूस वास.

पावसाळ्यात पंधरा दिवसांचं, थंडीत फार तर महिन्याचं दळण. बाजरी आठ दिवसांची, त्यापुढे ती कडू होते, कारण तिच्यातलं तेल दळल्यावर लवकर खवट होतं. वीस किलोचा डबा आणणाऱ्याला तुम्ही दहाच किलो दळून देता आणि बाकी गहू परत करता. दोन खेपांचा त्रास होतो खरा, पण फेकलेल्या पिठापेक्षा तो पुष्कळ स्वस्त आहे.

आणि चाळणी! मैद्याच्या चाळणीने कणीक चाळली तर किलोमागे ५० ते ७० ग्रॅम कोंडा निघतो. दोन क्विंटलवर ते १० ते १४ किलो झालं, म्हणजे अडीच ते साडेतीन आठवड्यांचं पीठ कचऱ्याच्या गाडीत. कोंड्यामुळे पोळी तुटते ही तक्रार खरी असते, पण उपाय पाण्यात आहे. किलोला आणखी ४०-५० मिली पाणी आणि मळल्यावर अर्धा तास ओल्या फडक्याखाली. कोंडा हळू भिजतो, त्याला तेवढा वेळ दिला की पोळी लुसलुशीत होते. चाळायचंच तर जाड चाळणी, किडा-काडी दिसावी एवढ्यापुरती.

घटीबद्दल तुम्ही कधी लपवाछपवी केली नाहीत. दहा किलोमागे शंभर ते दोनशे ग्रॅम कमी भरणारच. थोडा ओलावा उडतो, थोडं पीठ हवेत जातं. काटा समोर, आधीचं वजन खडूने डब्यावर. यामुळे कुणाच्या मनात किंतू राहत नाही. पाटांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की त्या दिवशी तुम्ही आधी स्वतःची हलकी ज्वारी चार-पाच किलो दळून काढता आणि गुरांनाही न देता टाकून देता, कारण त्यात दगडाची कच असते. त्या दिवशी घाईने दळण मागणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. चपातीत कचकच लागली तर सगळा डबाच वाया जातो.

मात्र ज्या एका सल्ल्याने आमच्या डब्यांतलं पोषण सगळ्यात जास्त वाढलं, तो सोयाबीनचा. माळव्यात जिकडे तिकडे सोयाबीन, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इथेच इंदुरात, आणि आपण ते फक्त तेलाच्या रूपात खायचं! सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिनं, तुरीत २२ च्या आसपास. २०२५–२६ चा हमीभाव पाहिला तर सोयाबीन क्विंटलला ५,३२८ आणि तूर ८,०००. वरण बंद करा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आम्हीही म्हणत नाही. पण महिनाअखेरीला डाळ पातळ होते त्या घरात पोळीतूनच प्रथिनं जात असतील तर मुलांचं भलं होतं.

प्रमाण नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. कच्चं कधीच दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. तीन लिटर पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं, मग त्यात निवडलेलं किलोभर सोयाबीन. पुन्हा उकळी आल्यापासून २० ते २५ मिनिटं. गार पाण्यात टाकून मग गॅस लावला तर तो उग्र हिरवट वास दाण्यात बसतो आणि घरात कोणी पोळी खात नाही. हा प्रयोग बहुतेक घरांत याच कारणाने फसतो. पाणी ओतून द्यायचं, दाणे कापडावर पसरून दोन दिवस कडक ऊन, दाढेखाली कट्ट होईपर्यंत. मग घरीच गव्हात नीट कालवून आणायचं. नुसतं सोयाबीन चक्कीत टाकलं तर तेलाने पाटांवर लेप बसतो आणि चक्की थांबवून साफ करावी लागते. ते दुखणं तुम्ही बोलून दाखवत नाही, म्हणून आम्ही लिहितोय. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या घरांनी या वाटेला जाऊ नये.

बेसनासाठी सियागंज बाजारातून हरभऱ्याची डाळ आणून दळलेली बरी, सुट्या बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असलं तर डोळ्यांनी ओळखू येत नाही. डाळ एक दिवस उन्हात तापवून आणायची, आणि एका वेळी दोन किलो तरी, कारण चक्कीच्या पोटात आधीच्या दळणाचं पीठ थोडं उरतंच. थोडकं दळण असेल तर तेच प्रमाणात जास्त मिसळतं. म्हणूनच गव्हामागून डाळ चालते, उपासाचा राजगिरा किंवा शिंगाडा मात्र चक्की झाडल्याशिवाय तुम्ही घेत नाही.

भाजणीचं तुमचं माप आम्ही सगळ्यांनी भिंतीवर लावलं आहे. ज्वारी एक किलो, बाजरी आणि तांदूळ अर्धा-अर्धा किलो, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि गहू पाव-पाव किलो, धने शंभर ग्रॅम, जिरं पंचवीस. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरी तडतडते तेव्हा ज्वारी अजून कच्चीच असते. भाजल्याने ओलावा जातो, म्हणून ही भाजणी दोन-अडीच महिने टिकते. श्रावणात भाज्यांचे भाव डोक्यावर बसतात त्या दिवसांत थालीपीठ आणि दही एवढ्यावर रात्रीचं जेवण निघतं.

काका, तुम्ही यातल्या कशाचेही पैसे घेतले नाहीत, उलट कमी दळून स्वतःचंच उत्पन्न कमी केलंत. गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांकडून मनापासून आभार. यंदा एप्रिलमध्ये गहू आणायला सगळी घरं मिळून एक गाडी करणार आहोत, नमुने आधी तुमच्या दाढेखाली येतील.

तुमच्याच,
गल्लीतली घरं

ता.क. दुपारी दोन ते चार तुम्ही चक्की बंद ठेवून जेवता आणि जरा पडता. त्या वेळात शटर वाजवू नये असं सगळ्या घरांत सांगितलं आहे. डब्यावर नाव, धान्य, वजन आणि जाड की बारीक एवढं लिहून पायरीवर ठेवायचं, म्हणजे तुम्हाला उठावं लागणार नाही.