ज्यांनी स्वतःचं नाव खोडलं, त्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही प्रुफं तपासलेल्या माझ्या गूढकथांच्या पुस्तकात, चौथ्या पानावर, मी तुमच्यासाठी पाच ओळींचा ऋणनिर्देश लिहिला होता. शेवटचं प्रूफ तुमच्याकडून परत आलं, तेव्हा त्या पाचही ओळींवर लाल रेघ होती आणि समासात वगळण्याची खूण. मी त्या ओळी पुन्हा घातल्या, तुम्ही पुन्हा खोडल्या. "आपलं काम पुस्तकात दिसता कामा नये," एवढंच म्हणालात. पुस्तकात तुमचं ऐकलं. हे पत्र मात्र पुस्तकाबाहेरचं आहे. यातही तुमचं नाव घेत नाही, पण जे केलंत ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

२०१७ सालच्या पावसाळ्यात मी सांगलीच्या गावभागातल्या तुमच्या घरी पहिल्यांदा आले. वाचनालयातल्या बाईंनी पत्ता दिला होता. हातात सात गूढकथांची टंकलिखित प्रत होती. दिवसा पतसंस्थेत हिशेब आणि पहाटे चार ते सहा लेखन, असं करत तीन वर्षांत त्या लिहिल्या होत्या. तोवर त्या कुणीच पूर्ण वाचल्या नव्हत्या. घरच्यांना भुताखेतांचं लिहिलेलं आवडत नव्हतं. एका प्रकाशकांनी पहिली चार पानं चाळून सांगितलं होतं, की भयकथा वाचनालयातून वाचल्या जातात, विकत कुणी घेत नाही. मी त्या वाचनालयातूनच घडले होते. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, दिवाळी अंकात शेवटी शेवटी दडलेली एखादी गूढकथा. पाठपुठ्ठा निसटलेली ती पुस्तकं रांगेत नंबर लावून वाचायची. त्यामुळे त्या वाक्याचा घाव खोल गेला.

तुम्ही प्रत ठेवून घेतलीत आणि अकरा दिवसांनी बोलावलंत. चुका शुद्धलेखनाच्याच असतील, अशी माझी समजूत होती. पहिल्या कथेवर ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या होत्याच. पण पान नऊच्या समासात तुमच्या बारीक अक्षरात एक प्रश्न होता: "नरकचतुर्दशीच्या मध्यरात्री टिपूर चांदणं कुठून आलं?"

कथेतला माणूस रात्री उसाला पाणी पाजायला जातो. आपल्याकडे शेतीची लाइट आठवडा दिवसा, आठवडा रात्री येते. रात्रीच्या पाळीत दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, बॅटरी घेऊन एकट्यानंच जावं लागतं. दृश्य दिसावं म्हणून मी चांदणं टाकलं होतं. आश्विन वद्य चतुर्दशीला चंद्र उगवतो तो पहाटे, सूर्याच्या थोडाच आधी, आणि तोही नखाएवढा. हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही मला पंचांग काढून दाखवलंत आणि मग म्हणालात, "चंद्र काढून टाक. आता बघ त्याला काय दिसतं."

त्याला काहीच दिसत नव्हतं. बॅटरीचा गोल उजेड पाटाच्या पाण्यावर, बाकी सगळा ऊस. मग मला पाचट, उसाचा वाळलेला पाला, ऐकू आलं. वाऱ्यानं सगळा फड एकदम सळसळतो. पण एकाच सरीतलं पाचट वाजत पुढे सरकायला लागलं, की तिथे वारा नसतो. ती कथा मी पुन्हा लिहिली. आज वाचक मला याच कथेबद्दल सर्वांत जास्त फोन करतात, आणि बहुतेक जण पाचटाच्या आवाजाबद्दल बोलतात.

त्या प्रतीत "अचानक" हा शब्द ६१ ठिकाणी होता. तुम्ही मोजला होता. छापील पुस्तकात तो चार ठिकाणी उरला. वाक्याच्या शेवटी लावलेली तीन-तीन टिंबं तर तुम्ही सरसकट काढलीत. "पूर्णविराम दे. माणूस घाबरला की बोलणं तुटतं, लोंबत नाही." आजही लिहिताना टिंबं द्यायला हात गेला की मी थांबते.

पण काका, माझ्यावर सर्वांत मोठा उपकार आहे तो मुंजाच्या कथेचा.

विहिरीवरच्या पिंपळावर मुंजा. मी त्याला लाल डोळे दिले होते, घोगरा आवाज दिला होता, एक कुत्रंही त्याच्या हातून मारलं होतं. बारा पानांवर तुमची एकही खूण नव्हती. शेवटच्या पानाखाली फक्त हे लिहिलेलं: "मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत जो गेला, तो मुंजा. म्हणजे हा आठ-दहा वर्षांचा मुलगा आहे. याला रात्री आई लागत नाही का?"

ती ओळ वाचून मी तुमच्या ओट्यावर किती वेळ बसले होते, आठवत नाही. लहानपणापासून मुंजा म्हटलं की पिंपळाखालून जायचं नाही, एवढंच माहीत. शब्द तोंडात होता, पण त्या शब्दात एक मूल आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या बारा पानांतलं मी एक वाक्यही ठेवलं नाही. नव्या कथेत मुंजा कुणाला काही करत नाही. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाईला तो रोज संध्याकाळी एकच विचारतो, अंधार पडायला अजून किती वेळ आहे.

तिचं प्रूफ तपासायला तुम्ही काकूंना सोबत घेतलंत. जुन्या छापखान्याची ती रीत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. मी समोर बसले होते. काकू स्वच्छ आवाजात वाचत होत्या, विरामचिन्हांसकट. शेवटच्या पानावर मुलाचा प्रश्न आला आणि त्या थांबल्या. कागद खाली ठेवून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. तुम्ही चष्मा पुसलात आणि मला म्हणालात, "इथे दुरुस्ती नाही." पुढे पुस्तकाबद्दल पुष्कळ चांगलं ऐकायला मिळालं, पण त्या तीन शब्दांची सर कशालाच नाही.

मग २०१९चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तुमच्या घरात पाणी शिरलं. तुम्ही आणि काकू नातेवाइकांकडे सुखरूप पोहोचलात हे कळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला मी आले, तेव्हा तुम्ही माळ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली माझी प्रुफं काढलीत. कोरडी. शेजारीच दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड उन्हात पसरलेले होते, १९३०च्या दशकातले, तुम्ही पहिल्या पगारापासून जपलेले. त्यांतले तीन फुगून दुप्पट झाले होते. माळ्यावर जागा थोडी होती, आणि तुम्ही आधी माझं बाड वर टाकलं होतं. मी रडले. तुम्ही म्हणालात, "कोश छापून झालाय. तुझं व्हायचंय." त्या सुरकुतलेल्या पानांतच तुम्ही अजून शब्द बघता. ते पाहून आजही माझा जीव कळवळतो.

त्यानंतर प्रकाशकाची वाट न बघता स्वतःच छापायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही मला पुस्तक धंद्याच्या अंगानंही समजावलंत. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून १७६ पानांत बसव, ११ फर्मे होतील, कोरी पानं वाया जाणार नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. मी त्याचे पैसे मोजणारच होते. ३०० प्रतींवर थांब. वितरकाला ४० टक्के द्यावे लागतील, ते किंमत ठरवण्याआधी धर.

आणि ती आचाऱ्याची गोष्ट. डीटीपीवाल्याकडे मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना अर्धा र बिघडला. लग्नघरातल्या कथेत शेवटचा दिसतो तो आचारी. "आचाऱ्याच्या हातात सुरा" याचं सगळीकडे "आचार्याच्या हातात सुरा" झालं. कथेतला खुनीच बदलला. मजकूर सकाळी छपाईला जायचा होता. तुम्ही मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं होतं, तरी रात्री दीडपर्यंत भिंग घेऊन बसलात आणि एकेक रफार काढून तिथे अर्धा र परत लावलात. दुसऱ्या, पायऱ्या, कोपऱ्यात, अंधाऱ्या. भयकथेत हे शब्द किती वेळा येतात, ते मला त्या रात्री कळलं. पैसे विचारले तर तुम्ही पानाचा जुनाच दर सांगितलात, छापखान्यात होता तो. मी आग्रह केल्यावर काकूंनी दार लावून घेतलं.

२०२१ साली पुस्तक आलं. तीनशे प्रती संपायला चौदा महिने लागले, मग दुसऱ्या तीनशे काढल्या. एकटीच्या बळावर उभी राहून लिहिणारी म्हणून लोक माझं कौतुक करतात, "स्वतंत्र लेखिका" म्हणतात. ते ऐकताना मला दर वेळी तुमचा ओटा आठवतो. स्वतंत्र म्हणजे प्रकाशक नव्हता, एवढंच. एकटी मी कधीच नव्हते.

भुतांवर तुमचा विश्वास नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. तरी माझ्या प्रत्येक भुताशी तुम्ही माणसाशी वागावं तसं वागलात. त्याचं वय विचारलंत, तिथी विचारलीत, त्याचं काय राहून गेलं ते विचारलंत. ज्या लेखनाला इतरांनी चाळून बाजूला ठेवलं, त्याच्या प्रत्येक अनुस्वारासाठी तुम्ही डोळे शिणवलेत. माझ्या लेखनाकडे मी गंभीरपणे बघायला लागले ते यानंतर.

नवी कथा पूर्ण झाली आहे. नदीची आहे, पुराच्या आठवड्यातली. तुमच्या गल्लीत घडते. रविवारी चारला घेऊन येते. प्रुफं १६ पॉइंटात काढली आहेत, दोन ओळींत जागा जास्त सोडली आहे आणि समास दोन बोटं वाढवला आहे. लाल रिफिलींचं पाकीटही आणते आहे. काकूंना सांगा, शेवटचं पान त्यांनी वाचायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं.

तुमची,
पहाटे चारला उठणारी