मंत्रीसाहेब, मुलांच्या दाढेच्या कॅप साईझ बघून खरेदी करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. मी तालुक्याच्या गावात लहान मुलांचे दात बघणारी डॉक्टर आहे आणि हे पत्र दुधाच्या दाढेवर बसवतात त्या स्टीलच्या रेडिमेड कॅपबद्दल आहे.

दुधाचेच दात आहेत, पडणारच, असं घरोघरी म्हणतात. पण मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायला हवी असते, ती सातव्या वर्षीच काढली की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही, मग वाकडे दात, मग तारा, आणि तो खर्च कोणाला झेपतो? कीड दोन-तीन बाजूंनी पसरली असेल तर नुसतं सिमेंट भरून टिकत नाही, कॅप टिकते. १९५० पासून हे चालू आहे, आता जगभर वापरतात.

फक्त ती नीट बसली पाहिजे. वरची-खालची, डावी-उजवी, पहिली-दुसरी असे ८ प्रकार आणि प्रत्येकात २ ते ७ नंबरचे साईझ, म्हणजे पूर्ण डब्यात ४८ वेगवेगळ्या कॅप. बरोबर साईझ असला की बोटाने दाबल्यावर हिरडीजवळ टक् करून बसते. मोठी झाली की कड उघडी राहते, तिथे अन्न अडकतं, हिरडी सुजते, आणि दुसऱ्या दाढेच्या कॅपची कड मागे बाहेर राहिली तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ तिच्याखाली अडकू शकते. पक्कडीने कडा आत वळवून थोडंफार जमवता येतं, पण फार मोठी कॅप पक्कडीने लहान होत नाही हो.

एका सरकारी दवाखान्यात मी स्वतः डबा उघडून बघितला, ४ आणि ५ चे कप्पे रिकामे, २ आणि ७ चे जसेच्या तसे भरलेले. कागदावर कॅप शिल्लक! तिथल्या डॉक्टरांनी मग काय करायचं, त्या पोराची दाढ काढली.

स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांची पद्धत तर आपल्या ग्रामीण भागासाठीच बनवल्यासारखी आहे. सुई नाही, ड्रिल नाही, गरज असेल तर आधी ३-५ दिवस दातांच्या फटीत रबराच्या रिंगा ठेवायच्या आणि मग ग्लास आयनोमर सिमेंट भरून कॅप दाबून बसवायची, कीड आतच बंद होऊन थांबते. सुरुवातीला चावताना उंच लागते, काही आठवड्यांत जमतं. नस खराब झालेल्या किंवा पू झालेल्या दाढेला हे चालत नाही, पण बाकी कितीतरी मुलांना चालतं. दाढ घासून कॅपच्या मापाची करत नसल्यामुळे इथे सगळा भार साईझवरच येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, पथकं शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासतात, किडलेले दात दिसतात, चिठ्ठी मिळते, आई रोजगार बुडवून मुलाला घेऊन येते आणि इथे साईझ नाही. मला याचा फार त्रास होतो.

म्हणून विनंती, खरेदीत नुसतं 'कॅप, इतके नग' असं लिहू नका, साईझनुसार मागणी घ्या, सोबत रबराच्या रिंगा द्या, आणि सरकारी डेंटल कॉलेजांकडून उपजिल्हा रुग्णालयातल्या डेंटल सर्जनना प्रत्यक्ष कॅप बसवून शिकायचं ट्रेनिंग द्या. आधी प्रत्येक रुग्णालयाकडून मागच्या वर्षी कुठला नंबर कधी संपला एवढी माहिती मागवा, ती पुढच्या खरेदीच्या आत हातात आली तरी खूप.

आपली नम्र,
एक बालदंतवैद्य